तलवारीचे क्रियापद

घराच्या माळ्यावर जशा न वापरलेल्या, पण टाकवतही नाहीत अशा वस्तू असतात, तसे प्रत्येक भाषेच्या माळ्यावर काही शब्द पडून असतात. कोशात त्यांची नोंद असते, अर्थ दिलेला असतो आणि पुढे ‘दुर्मीळ’ असा शेरा मारलेला असतो. इंग्रजीच्या माळ्यावरचे असेच एक क्रियापद म्हणजे ‘डायग्लॅडिएट’. अर्थ विचाराल तर कडाक्याचा वाद घालणे, शब्दांनी हातघाईवर येणे. पण हा झाला वरवरचा अर्थ. शब्द थोडा उकलून पाहिला की आतून चक्क तलवार बाहेर येते.

लॅटिन भाषेत ‘ग्लॅडियस’ म्हणजे तलवार. रोमन पायदळातला शिपाई कमरेला लावत असे ती आखूड, दुधारी तलवार. तिला ‘अलग, दोन बाजूंना’ अशा अर्थाचा उपसर्ग लागला आणि समोरासमोर उभे राहून तलवारीने लढणे, असे क्रियापद तयार झाले. याच मुळापासून ‘ग्लॅडिएटर’ आला, हे सिनेमामुळे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण समारंभात पाहुण्यांच्या हाती देतात त्या गुच्छातला ग्लॅडिओलसही त्याच घराण्यातला, हे सहसा लक्षात येत नाही. ग्लॅडिओलस म्हणजे छोटी तलवार. त्याच्या पात्यासारख्या पानांकडे पाहिले की नाव का पडले ते कळते. एकाच मुळाला एक फूल, एक योद्धा आणि एक भांडण लागले, अशी ही गंमत आहे.

हे क्रियापद रोमन लोकांच्या तोंडीही दोन्ही अर्थांनी होते. सिसेरो हा रोमचा नामांकित वकील आणि वक्ता. इसवी सनापूर्वी ४४ साली त्याने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात तो प्लेटोचे एक मत सांगतो. ज्ञानी माणसे सत्याच्या शोधात असतात आणि बाकीचे लोक ज्या गोष्टींसाठी एकमेकांवर तुटून पडतात त्या गोष्टी त्यांना कवडीमोल वाटतात, असे ते मत. ‘तुटून पडतात’ म्हणताना सिसेरो नेमके हेच तलवारीचे क्रियापद वापरतो. कायद्यांवरच्या आपल्या दुसऱ्या ग्रंथात तो गायस ग्रॅकस या लोकपुढाऱ्याची आठवण काढतो. नागरिकांनी आपसांत लढावे म्हणून आपण भर चौकात खंजीर फेकले आहेत, असे ग्रॅकस स्वतःच म्हणाला होता, असा सिसेरोचा आरोप. तिथेही क्रियापद हेच. म्हणजे शब्दाची तलवार आणि लोखंडाची तलवार यांच्यातले अंतर त्या काळीही फार नव्हते.

आता ग्लॅडिएटरकडे जरा नीट पाहू. रोम शहरात त्यांची पहिली झुंज झाली ती इसवी सनापूर्वी २६४ साली, एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या अंत्यविधीच्या निमित्ताने, असे इतिहास सांगतो. समोरासमोर उभ्या राहणाऱ्या त्या दोघांचे एकमेकांशी वैर नसे. जमिनीचा तंटा नाही, घेण्यादेण्याची बाकी नाही. कदाचित आदल्या रात्री ते एकाच पंगतीला जेवलेलेही असतील. मग ते लढत का? तर भोवती लोक बसलेले असत म्हणून. हा एवढा मुद्दा आपण लक्षात ठेवू, कारण वादाच्या बाबतीत तो फार उपयोगी पडणार आहे.

हा शब्द इंग्रजीत आला तो सोळाव्या-सतराव्या शतकांच्या धामधुमीत. त्या काळच्या इंग्रज पंडितांना आपली भाषा गावंढळ वाटे. म्हणून त्यांनी लॅटिनमधून पोत्यांनी शब्द आणले. आपल्याकडे अव्वल इंग्रजीत मराठी गद्य घडत असताना संस्कृतचे जे झाले, त्याचीच ही थोरली बहीण. अशा शब्दांना तिथले लोक चेष्टेने ‘शिंगाच्या दौतीतले शब्द’ म्हणत. थॉमस विल्सन याने १५५३ साली अशा शब्दांनी ठासून भरलेले एक विनोदी पत्रच आपल्या पुस्तकात घातले होते. १६०४ साली रॉबर्ट कॉड्रे याने इंग्रजी शब्दांचा इंग्रजीत अर्थ देणारा पहिला कोश काढला, तोदेखील सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचाच होता. रोजचे शब्द सगळ्यांना येतातच, ते कोशात कशाला घालायचे, असा तो काळ.

या गर्दीतले कितीतरी शब्द रुळले. आपला तलवारीचा शब्द मात्र रुळला नाही. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ सालच्या प्रसिद्ध कोशात त्याचे नाम ‘डायग्लॅडिएशन’ सापडते. तलवारींची लढाई, किंवा कोणतेही भांडण, असा त्याचा अर्थ जॉन्सन देतो आणि दाखल्यासाठी जोसेफ ग्लॅनव्हिल या लेखकाचे एक वाक्य घेतो. ग्लॅनव्हिल हा धर्मोपदेशक, पण नव्या विज्ञानाचा कैवारी. विद्यापीठातले पंडित ॲरिस्टॉटलच्या शब्दांवरून वर्षानुवर्षे काथ्याकूट करतात, त्यातून ज्ञान काही वाढत नाही, याचा त्याला मनस्वी कंटाळा होता. ॲरिस्टॉटलने मुद्दामच दुर्बोध लिहून अशा शाब्दिक तलवारबाजीला खतपाणी घातले, असा त्याचा रोख. १६६० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीचा तो सभासद झाला. कोणाच्या शब्दावर विसंबू नका, प्रयोग करून पाहा, हे त्या संस्थेचे ब्रीद. शब्दांच्या तलवारी म्यान करायच्या आणि मोजमाप हाती घ्यायचे, असा तो एकूण बेत होता.

मोजमापावरून आठवले. माझी उमेद बँकेत आकडे जुळवण्यात गेली, त्यामुळे शब्दांकडेही जमाखर्चाच्या नजरेने पाहायची खोड लागली आहे. वादासाठी इंग्रजीत जे नेहमीचे शब्द आहेत त्यांची मुळे काढून पाहिली तर फार मजेशीर चित्र दिसते. ‘डिबेट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या पोटात मारणे, बडवणे हे क्रियापद आहे. ‘डिस्कशन’ म्हणजे आपली सभ्य चर्चा. तिचे मूळ आपटून, हादरवून सुटे करणे हे आहे. डोक्याला मार लागून येणाऱ्या ‘कन्कशन’ची ती सख्खी बहीण. या मारकुट्या कुटुंबात एकच शब्द शांतपणे कोपऱ्यात वही घेऊन बसलेला आहे, तो म्हणजे ‘डिस्प्यूट’. लॅटिन ‘पुतारे’ म्हणजे साफ करणे, छाटणी करणे आणि त्यावरून हिशेब चोख करणे. ‘डिस्प्यूट’ म्हणजे मुळात हिशेबाची एकेक बाब तपासून पाहणे. याच ‘पुतारे’पासून ‘कम्प्यूट’ झाला आणि त्यापासून आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर. म्हणजे वाद आणि संगणक हे एकाच आजोबांचे नातू आहेत.

तेव्हा वाद घालण्याच्या दोन रीती शब्दांच्या मुळाशीच नोंदलेल्या आहेत. एक खातेवहीची, दुसरी तलवारीची. पहिल्या रीतीत दोघे एकाच बाजूला बसून एकाच पानाकडे पाहतात. चूक कुठे आहे ते सापडले की दोघांनाही हायसे वाटते. दुसऱ्या रीतीत दोघे समोरासमोर उभे असतात आणि पाहण्यासारखे एकच असते, ते म्हणजे समोरच्याचे उघडे पडलेले अंग.

वादासाठीचा आणखी एक इंग्रजी शब्द आपल्या महाराष्ट्राने तर घरातल्यासारखा वापरला आहे. तो म्हणजे ‘रँग्लर’. ‘रँगल’ या क्रियापदाचा अर्थ कडाकडा भांडणे. पण रँग्लर परांजपे किंवा रँग्लर महाजनी म्हणताना भांडकुदळपणा आपल्या स्वप्नातही येत नाही. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत एका इंग्रज विद्यार्थ्याच्या जोडीने पहिले आले आणि सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि ‘रँग्लर’ हे जणू त्यांचे पहिले नावच होऊन बसले. गणितात पहिल्या वर्गात येणाऱ्याला भांडणारा का म्हणायचे? तर जुन्या काळी केंब्रिजमधली परीक्षा तोंडी वादाची असे. विद्यार्थी लॅटिनमध्ये एक सिद्धांत मांडी, दुसरे विद्यार्थी त्यावर एकामागून एक हल्ले चढवत आणि देखरेखीला परीक्षक बसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत मोडली, लेखी परीक्षा आली, पण नाव राहिले. तलवारबाजीचा वर्ग बंद झाला आणि पदवी मात्र तलवारबाजाचीच राहिली, असे हे झाले.

या सगळ्या इतिहासात ‘डायग्लॅडिएट’ हे क्रियापद अक्षरशः लागू पडावे असा एक वाद आहे. त्याचे दोन्ही नायक एवढे मोठे आहेत की आपण लहान माणसांनी त्यातून शिकायला हरकत नाही. एका बाजूला आयझॅक न्यूटन आणि दुसऱ्या बाजूला जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निट्स. विषय कॅल्क्युलस, म्हणजे कलनशास्त्र. न्यूटनने १६६५-६६च्या सुमारास त्याची पद्धत शोधून काढली, पण छापली नाही. लायब्निट्स १६७५मध्ये स्वतंत्रपणे तिथे पोचला आणि १६८४मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. न्यूटनने आपला त्या विषयावरचा निबंध छापला तो १७०४ साली. दोघांनी आपापल्या वाटेने एकच शिखर गाठले, असे आज इतिहासकार एकमताने सांगतात. पण तेव्हा हे सांगणार कोण?

भोवती प्रेक्षक होते आणि त्यांना झुंज पाहायची होती. जॉन कील नावाच्या न्यूटनच्या चाहत्याने लायब्निट्सवर उचलेगिरीचा छापील आरोप केला. लायब्निट्सही रॉयल सोसायटीचा सभासद. त्याने १७११मध्ये सोसायटीकडेच दाद मागितली. सोसायटीने १७१२ साली चौकशी समिती नेमली. समितीने निकाल दिला तो न्यूटनच्या बाजूने. आता गंमत अशी की सोसायटीचा अध्यक्ष होता स्वतः न्यूटन आणि समितीचा अहवालही बहुतांशी त्यानेच लिहिला होता. पुढे त्या अहवालाचे निनावी परीक्षण आले, तेही न्यूटनच्याच हातचे. लायब्निट्सही काही कमी नव्हता. त्याने स्वतःची तरफदारी करणारे निनावी पत्रक काढून वाटले. १७१६मध्ये तो वारला, तरी न्यूटनची तलवार म्यान झाली नाही. १७२६ साली आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या महाग्रंथाची तिसरी आवृत्ती काढताना त्याने त्यातला लायब्निट्सचा उल्लेख काढून टाकला. कोणाच्या शब्दावर विसंबू नका म्हणणाऱ्या संस्थेत हे घडले.

यातला खरा चटका वेगळाच आहे. याच लायब्निट्सचे आयुष्यभराचे एक स्वप्न होते. विचारांची अशी एक खूणभाषा बनवावी की दोन तत्त्वज्ञांमध्ये मतभेद झाला तर त्यांनी दोन हिशेबनिसांसारखे लेखणी घेऊन बसावे आणि चला, हिशेब करून पाहू, असे एकमेकांना म्हणावे. भांडणाचे कारणच उरू नये. असे स्वप्न पाहणारा माणूसही रिंगणात ओढला गेला आणि तलवार घेऊन उभा राहिला.

नुकसान कोणाचे झाले? त्या दोघांची कीर्ती कमी झाली नाही. नुकसान झाले ते टाळ्या वाजवणाऱ्यांचे. इंग्लंडमधल्या गणितज्ञांनी देशाभिमानापोटी न्यूटनची टिंबांची खूणपद्धत सोडली नाही आणि लायब्निट्सची अधिक सोयीची ‘डी’ अक्षराची पद्धत घेतली नाही. तिकडे युरोपात बर्नुली, ऑयलर, लाग्रांज यांनी त्या पद्धतीने गणित कुठल्या कुठे नेले आणि इंग्रज मंडळी शंभर वर्षे टिंबे देत बसली. १८१२ साली केंब्रिजच्या काही तरुण विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढून ही कोंडी फोडायचे ठरवले. त्यांतल्या जॉर्ज पीकॉकने पुढे १८१७मध्ये परीक्षक झाल्यावर प्रश्नपत्रिकेतच ‘डी’ची पद्धत आणली. त्या मंडळातला दुसरा विद्यार्थी म्हणजे चार्ल्स बॅबेज. यंत्राने हिशेब करायचा ध्यास त्याने जन्मभर घेतला आणि आज आपण त्याला संगणकाचा जनक म्हणतो.

संगणकाचे नाव निघाले म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. १९८०च्या दशकात बँकांमध्ये यंत्रे यावीत की येऊ नयेत, यावर रान पेटले होते. खातेवहीतल्या नोंदी करणारे लेजर पोस्टिंग मशीन येणार, अशी हवा होती. आमच्या शाखेत दोन सहकारी होते. दोघे कल्याणहून एकाच लोकलच्या एकाच डब्यातून येत आणि एकच वर्तमानपत्र अर्धे अर्धे करून वाचत. एकाला यंत्र हवे होते, दुसऱ्याला नको होते. कित्येक आठवडे मी त्यांना डबा खाताना यावर बोलताना ऐकले आहे. आपल्याकडे खाती किती, एका नोंदीला वेळ किती, सहामाही ताळा जुळवायला रात्री किती जागाव्या लागतात, यंत्र आले तर किती जणांचे काम जाईल. कागदाच्या कपट्यावर आकडे मांडून चाललेला तो अस्सल वाद होता. एकाचा आकडा चुकला तर दुसरा तो दुरुस्त करून देई.

मग एके दिवशी गेट मीटिंग झाली. साठ-सत्तर माणसे जमली होती. हे दोघे एकामागून एक बोलायला उभे राहिले आणि पाच मिनिटांत आकडे गायब झाले. ‘तू साहेबांचा चमचा आहेस’, असे एक म्हणाला. ‘तुझा ताळा जन्मात कधी जुळला नाही, म्हणून तुला यंत्राची भीती’, असे दुसरा म्हणाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोणी तरी ‘हाण’ म्हणून ओरडले. दोघांचेही चेहरे लाल झाले होते, पण प्रत्येक वार बसला की एक डोळा गर्दीकडे जात होता.

दुसऱ्या दिवसापासून एकाने लोकलचा डबा बदलला. पुढे यंत्र यायचे तेव्हा आलेच. दोघे एकाच कळफलकावर ते शिकले. रात्रीची जागरणे संपली, हे एकाचे म्हणणे खरे ठरले. नवी भरती आटली, हे दुसऱ्याचेही खरे ठरले. दोघांच्या कपट्यांवर निम्मा निम्मा बरोबर हिशेब होता. तो एकत्र मांडायला मात्र ते पुन्हा बसले नाहीत. निवृत्त होईपर्यंत एक पुढच्या डब्यातून येत राहिला आणि एक मागच्या.

आपल्या पूर्वजांनी हा फरक फार पूर्वी नेमका टिपला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते कळावे म्हणून पुराव्यांनी आणि तर्काने चालते तो वाद. जिंकायचे म्हणून चालतो, त्यासाठी शब्दच्छलही चालतो, तो जल्प. आणि स्वतःचे काहीच मांडायचे नाही, फक्त समोरच्याचे पाडायचे, ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ टिकला, ‘जल्प’ पुस्तकात गेला आणि ‘वाद’ या बिचाऱ्या चांगल्या शब्दाला भांडणाचा अर्थ चिकटला. तेच ‘हुज्जत’चे. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, प्रमाण. आपल्याकडे रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून घालतात ती हुज्जत. पुराव्याचा शब्द भांडणाकडे घसरला. उलट, भांडणाचा शब्द पुराव्याकडे चढल्याचे उदाहरण मला तरी आठवत नाही.

याचा अर्थ तलवार कधीच उपसू नये, असा नाही. न्यायसूत्रेच पुढे म्हणतात की कोवळ्या रोपांभोवती जसे काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे सत्याच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा यांचा उपयोग करावा. फार शहाणपणाचे बोलणे आहे. कोणी लबाड माणूस धडधडीत खोटे रेटत असेल तर त्याच्यापुढे खातेवही उघडून काय होणार? तिथे कुंपण हवेच. पण रोप न लावताच नुसते कुंपण घालत सुटलो, तर बागेत काट्यांखेरीज काही दिसणार नाही.

आज रात्री नऊ वाजता कोणताही वृत्तवाहिनीचा पडदा पाहा. चार चौकटींत चार माणसे, मधे परीक्षकाऐवजी भोंगा. घरोघरीच्या व्हॉट्सॲप गटांतही तेच. काका आणि पुतण्या समोरासमोर चहा पिताना ज्या विषयावर मजेत बोलतात, त्याच विषयावर सत्तावीस नातेवाइकांच्या देखत एकमेकांना गारद करू पाहतात. विषय तोच, माणसे तीच. फरक फक्त कडेला बसलेल्यांचा.

म्हणून मला वाटते, ‘डायग्लॅडिएट’ हे क्रियापद माळ्यावरून काढून एकदा पुसून ठेवायला हवे. इंग्रजी बोलताना ते वापरा असे मी म्हणणार नाही. ऐकणारा गोंधळेल आणि त्यावरूनच एखादी चकमक उडेल. पण वाद तापू लागला की मनातल्या मनात स्वतःला विचारायला तो शब्द बरा आहे. आपण आत्ता वही उघडून बसलो आहोत की तलवार घेऊन उभे आहोत? आणि भोवतीचे लोक उठून गेले, तरीही आपण हेच वाक्य बोललो असतो का?

आपल्या मराठीत ‘तलवार म्यान करणे’ असा एक सुंदर वाक्प्रचार आहे. वर्तमानपत्रांनी तो पुढाऱ्यांच्या बंडाळ्यांसाठी राखून ठेवलेला दिसतो. माघार घेतली, हार खाल्ली, अशा कुचेष्टेने तो छापला जातो. वास्तविक म्यान ही तलवारीची रोजची जागा आहे. घराघरांतल्या जेवणाच्या टेबलाशी तो वाक्प्रचार अधूनमधून वापरला गेला, तर निम्मे लिहिलेले पुष्कळ हिशेब पुरे होतील.